लॉगिन पासवर्ड आहे, म्हणजे फाइली सुरक्षित?

‘कॉम्प्युटरला पासवर्ड आहे, आतलं कोणी पाहू शकत नाही’ हा समज जुना आहे. नागपुरात सीताबर्डीला पीसी दुरुस्तीला टाकतानाही तो ऐकू येतो. साहजिक आहे, पासवर्डशिवाय स्क्रीन उघडतच नाही ना! पण तो पासवर्ड विंडोजमध्ये शिरण्यापुरता. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फोटो, बँकेच्या पीडीएफ सहज उघडता येतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे आतली माहिती किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात असेल, तरच ते अडतं.

तपासायला ‘धिस पीसी’ उघडा आणि सी ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप आहे का बघा. नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर (विंडोजचीच डिस्क एन्क्रिप्ट करायची सोय) शोधा. अडलेली डिस्क उघडायला लागणारी ४८ आकडी रिकव्हरी की मात्र कागदावर उतरवून कपाटात ठेवा. त्याच पीसीत ठेवली तर ऐनवेळी हाती लागणार नाही.