रक्ताचा डाग धुवायचा की ठेवायचा?

दिल्लीत राजघाटाजवळ राष्ट्रीय गांधी संग्रहालयात 30 जानेवारी 1948 ला गांधीजींच्या अंगावर असलेलं धोतर आणि शाल ठेवलीय, रक्ताच्या डागांसकट. ते डाग काढा असं कुणीच म्हणणार नाही. पण केमिस्ट्रीला विचारलं तर डाग हा कापडाचा शत्रूच, रक्तातलं लोह सुती धाग्याची झीज वाढवू शकतं, घामातले क्षार ओलावा धरून ठेवतात आणि लोकरीवर तर कसर नेमकी घाम किंवा खरकटं लागलेल्या जागीच जास्त लागते.

मग धुवून टाका ना! तर प्रॉब्लेम असा की एकदा धुतलं की परत फिरता येत नाही. जुना रंग पाण्यात फुटू शकतो, रेशीम ओलं झालं की आणखी नाजूक होतं, आणि 19व्या शतकात रेशमाला वजन यावं म्हणून त्यात कथलाचे क्षार भरायचे, तसलं कापड तर कपाटात नुसतं पडून पडून चिरा जाऊन फाटतं. म्हणून धुवायचं ठरलंच तर आधी प्रत्येक रंगावर पाण्याचा थेंब टाकून टीपकागदाने टिपतात, रंग कागदावर उतरला की धुणं कॅन्सल.

शिवाय डाग हा पुरावा असतो. 1805 च्या ट्रफाल्गरच्या समुद्री लढाईत ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सनने घातलेला कोट लंडनला ग्रिनिचमध्ये आहे, डाव्या खांद्याला त्याचा जीव घेणाऱ्या गोळीचं भोक, आणि बाहीवरचं रक्त बहुधा त्याचं नाहीच, त्याच दिवशी आधी मारल्या गेलेल्या त्याच्या सेक्रेटरीचं असावं असं मानतात. धुतला असता तर हा प्रश्नसुद्धा उरला नसता.

दाखवायचं की नाही हा अजून वेगळा घोळ. 22 नोव्हेंबर 1963 ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या तेव्हा त्यांच्या पत्नी जॅकलीन यांच्या अंगावर जो गुलाबी सूट होता तो अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजकडे (सरकारी दफ्तरखान्याकडे) न धुता ठेवलाय, पण मुलगी कॅरोलाइन यांनी 2003 मध्ये घातलेल्या अटीमुळे 2103 पर्यंत तो लोकांना दाखवता येत नाही. मला हे पटतं. आपल्याला बघायचंय एवढ्यावरून घरच्यांचं दुःख काचेत मांडायचा हक्क मिळत नाही.

आणि 'जपणं' म्हणजे चांगलंच असतं असंही नाही बरं का. पूर्वी म्युझियमवाले किडीपासून वाचवायला कापड, पिसं, कातडं यांवर सरळ आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगं लावायचे. 1990 मध्ये अमेरिकेत कायदा झाला, त्यानंतर आदिवासींच्या पवित्र वस्तू त्यांना परत मिळायला लागल्या, तर त्यांच्यातल्या होपी लोकांकडे परत आलेल्या काही वस्तूंवर आर्सेनिक सापडलं. त्यांच्यासाठी या काही शोकेसच्या वस्तू नव्हत्या, विधींमध्ये वापरायच्या, अंगावर चढवायच्या होत्या. कीड लागली नाही हे खरं, पण आता त्या घालायच्या कुणी? आणि हे विष पूर्ण निघेल अशी खात्रीची पद्धत अजून कुणाकडेच नाही.