डिस्कच्या हद्दी आणि त्या राखणाऱ्या चाचण्या

३ टीबीची नवीकोरी हार्डडिस्क जुन्या संगणकाला जोडली की ती कधीकधी ७४६ जीबीची दिसते. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्यांना हा प्रकार ठाऊक असेल. गिऱ्हाईक दुकानात जाऊन भांडतं आणि दुकानदार शपथेवर सांगतो की माल अस्सल आहे. त्याचं खरं असतं. डिस्क पूर्ण ३ टीबीचीच असते, चुकलेली असते ती आकडेमोड.

डिस्कवरची जागा सेक्टरांत मोजतात आणि एक सेक्टर बहुधा ५१२ बाइटचा धरतात. जुन्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे डिस्क हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सेक्टरांचा आकडा ठेवायला ३२ बिटांचीच जागा असते. तिच्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. तिला ५१२ ने गुणलं की हिशेब साधारण २.२ लाख कोटी बाइटपाशी संपतो, आणि डिस्क तर ३ लाख कोटींची. मर्यादा ओलांडली की वरचे बिट गळून पडतात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. उरतात सुमारे ०.८ लाख कोटी बाइट. १०२४ च्या पटीत मोजणाऱ्या विंडोजच्या हिशेबाने ते ७४६ जीबी भरतात.

नुसता आकडा चुकीचा दिसला तर नुकसान काहीच नाही. पण हाच गळका हिशेब लिहिताना वापरला गेला, तर २.२ टीबीच्या पलीकडे जायचा मजकूर डिस्कच्या सुरुवातीला, आधीच्या फायलींवर जाऊन बसतो. कुठलीही सूचना येत नाही. महिन्याभराने अल्बम उघडायला जावं तेव्हा कळतं.

डिस्कचे हिस्से पाडणारे प्रोग्रॅम म्हणजे एफडिस्क, जीएनयू पार्टेड, जीपार्टेड वगैरे. अशाच हिशेबावर ते चालतात. त्यांच्यातले बग, म्हणजे चुका, कसे शोधतात, दुरुस्त कसे करतात आणि एकदा दुरुस्त झालेला बग परत येऊ नये म्हणून काय करतात, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांना या कामात हात घालता येईल असं मला मनापासून वाटतं. त्याचं कारण पुढे येईलच.

पार्टिशन म्हणजे डिस्कचा एक हिस्सा, आणि पार्टिशन टेबल हा डिस्कचा उतारा आहे. शेत जागेवर असतं, पीकही जागेवर असतं. कुठला हिस्सा कुठून कुठपर्यंत आणि कोणाचा, एवढंच उताऱ्यावर असतं. उतारा चुकीचा लिहिला म्हणून माती कुठे जात नाही, पण त्या चुकीच्या उताऱ्यावर विसंबून कोणी शेजारच्या उभ्या पिकात नांगर घातला की पीक गेलं. डेटाचंही असंच होतं. पार्टिशन नाहीसं झालं तरी फोटो, टॅलीचे हिशेब, उद्यमबागेतल्या वर्कशॉपची ड्रॉइंग हे सगळं बहुतेक वेळा डिस्कवर शाबूत असतं. घाबरून कोणीतरी त्यावर फॉरमॅट मारतो आणि खरं नुकसान तिथे होतं.

आणि हा उतारा असतो केवढा? १९८३ साली आयबीएमच्या पीसी डॉस २.० बरोबर आलेल्या रचनेत, म्हणजे एमबीआरमध्ये, डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर असा वाटलेला आहे: ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट टेबलाला आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेला. ६४ बाइटांत चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांची. प्रत्येक नोंदीत सुरुवातीचा सेक्टर ४ बाइटांत आणि एकूण सेक्टर ४ बाइटांत. वर पाहिलेली ३२ बिटांची मर्यादा इथेही आहेच. लाखो फायलींचा ठावठिकाणा इतक्या थोड्या जागेवर अवलंबून असतो, म्हणून या प्रोग्रॅममधली लहान चूकही महागात पडते.

सर्वांत साधी चूक एकाची. समजा पार्टिशन सेक्टर २०४८ ला सुरू होऊन २०६८४७ ला संपतं. त्यात सेक्टर किती? घाईत वजाबाकी केली तर २,०४,७९९ येतात. पण शेवटचा सेक्टरही मोजायचा असतो, म्हणून २,०४,८००, म्हणजे बरोबर १०० एमबी. प्रोग्रॅममध्ये एका ठिकाणी ‘शेवट धरून’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘शेवट सोडून’ मोजलं, तर दोन हिस्से एका सेक्टरने एकमेकांवर चढतात. कोड वाचताना ही चूक नजरेतून सहज निसटते, कारण दोन्ही ओळी आपापल्या जागी बरोबर वाटतात.

काही चुका एका माणसाच्या नसतातच. फेडोरा कोअर २ ही लिनक्सची आवृत्ती मे २००४ मध्ये आली, तेव्हा विंडोज एक्सपीशेजारी ती बसवणाऱ्या अनेकांचं विंडोज सुरूच होईना. पूर्वी डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांत सांगत, आणि ते आकडेही टेबलात असतात. लिनक्सचं २.४ कर्नेल (यंत्रणेचा गाभा) बायोसला, म्हणजे संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला, डिस्कची रचना कशी दिसते याचा अंदाज घेऊन आकडे देत असे. २.६ मध्ये तो अंदाज काढून टाकला. पार्टेडने कर्नेलवर विश्वास ठेवून नव्या आकड्यांनी टेबल लिहिलं. विंडोजचा सुरुवातीचा प्रोग्रॅम मात्र जुन्याच आकड्यांच्या भरवशावर होता. डेटा सहसा शाबूत असे, जुन्या रचनेप्रमाणे टेबल पुन्हा लिहिलं की विंडोज चालू होई. पण संगणक उघडत नाही म्हटल्यावर लोकांना किती धास्ती बसली असेल! कर्नेलचा बदल समर्थनीय होता, पार्टेडचा विश्वासही चुकीचा म्हणता येत नाही. दोन भाग जिथे जुळतात तिथे काय होतं, हे तपासणारी चाचणीच अशी गडबड आधी पकडू शकते.

मग चाचणी घ्यायची कशी? खऱ्या डिस्कवर प्रयोग करणं धोक्याचं, आणि ३ टीबी, ८ टीबी, ४०९६ बाइटच्या सेक्टरची अशा तऱ्हेतऱ्हेच्या डिस्क विकत घ्यायच्या म्हटल्या तर खर्च कोणाला झेपणार? यावरचा उपाय मला फार आवडतो. लिनक्सवर पोकळ फाइल तयार करता येते. तिचा आकार ३ टीबी म्हणून नोंदवला जातो, पण जिथे काही लिहिलेलंच नाही तिथे डिस्कवर जागाच घेतली जात नाही. ३ टीबीची फाइल प्रत्यक्षात काही केबीत मावते. पार्टेडला ती फाइल डिस्क म्हणून दिली की तो तिच्यावर खुशाल हिस्से पाडतो. एक्स्ट४ या फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीवर) अशी फाइल १६ टीबीपर्यंत नेता येते. (फॅट३२ पेनड्राइव्हवर हे जमणार नाही, तिथे एका फाइलची मर्यादा ४ जीबी आहे.) सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचा आहे असं भासवण्याची सोयही पार्टेडच्या चाचण्यांत आहे. त्याहून खरीखुरी नक्कल हवी असेल तर लिनक्स कर्नेलचं स्कझी-डिबग हे मॉड्यूल रॅममध्येच खोटी डिस्क उभी करतं. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या लॅपटॉपवरही हे सगळं चालतं.

४०९६ चा उल्लेख सहज केलेला नाही. यूएसबी डबीत बसवलेली डिस्क दुरुस्तीला येते. डबी खराब झालेली असते, म्हणून डिस्क काढून थेट संगणकाला जोडतात आणि ती कोरी दिसते. काही डबीतलं सर्किट ५१२ बाइटचे आठ सेक्टर एकत्र करून ४०९६ बाइटचा एक सेक्टर दाखवत असतं. टेबलातले आकडे त्या मोजमापात लिहिलेले असतात. थेट जोडल्यावर मोजमाप बदलतं आणि सगळ्या हद्दी आठपट चुकतात. चांगल्या प्रोग्रॅमने अशा डिस्कवर निदान आपणहून काही लिहू नये.

म्हणूनच मी पहिल्या क्रमांकावर ठेवीन अशी चाचणी अगदी साधी आहे. डिस्कची फाइल घ्यायची, तिची चेकसम (सगळ्या बाइटांवरून काढलेली पडताळणीची संख्या) काढायची, प्रोग्रॅमला फक्त ‘हिस्से दाखव’ म्हणायचं आणि चेकसम पुन्हा काढायची. एक बाइटही बदललेला चालणार नाही.

एमबीआरनंतर आलेल्या जीपीटी या रचनेत चाचण्यांना आणखी वाव आहे. तिथे सेक्टरांचे आकडे ६४ बिटांचे असतात आणि साधारणपणे १२८ हिस्स्यांची सोय असते. मुख्य म्हणजे टेबलाची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी अगदी शेवटी असते. दोन्हींवर सीआरसी-३२ ही पडताळणीची संख्या असते. चाचणीत पहिल्या प्रतीतला एक बाइट मुद्दाम बिघडवायचा. सीआरसीला ते कळलंच पाहिजे आणि प्रोग्रॅमने शेवटची प्रत वापरली पाहिजे. पुढची पायरी जास्त कठीण. टेबल लिहिता लिहिता वीज गेली तर? आपल्याकडे पावसाळ्यात हा प्रश्न काल्पनिक नसतो. चाचणीत लिहिण्याच्या प्रत्येक टप्प्यावर प्रोग्रॅम मध्येच थांबवायचा आणि पाहायचं की दोनपैकी एक प्रत तरी धड राहिली का. दोन्ही प्रती एकाच वेळी अर्धवट राहू शकत असतील, तर लिहिण्याचा क्रम चुकला आहे.

बग दुरुस्त करताना अनुभवी लोक आधी कोडला हात लावत नाहीत. आधी तो बग दाखवणारी, म्हणजे आज नापास होणारी चाचणी लिहितात. मग दुरुस्ती करतात आणि तीच चाचणी पास होते का ते पाहतात. उलट क्रमाने काम केलं तर चाचणी दुरुस्तीमुळे पास झाली की मुळातच पास होणारी होती, हे कळायला मार्ग राहत नाही. बग नेमका कोणत्या बदलातून आला हे शोधायचं असेल तर गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बदलांची यादी मधोमध कापत जाण्याची सोय आहे. हजार बदलांमधून दोषी बदल साधारण दहा फेऱ्यांत सापडतो, पण प्रत्येक फेरीत ‘बग आहे की नाही’ हे ठामपणे सांगणारी चाचणी हाताशी हवी.

ठामपणे सांगणारी, यावर मी जोर देतो. या क्षेत्रातल्या काही चाचण्या कधी पास होतात, कधी नापास. टेबल लिहिल्यावर कर्नेलला ते पुन्हा वाचायला सांगतात. त्याच क्षणी लिनक्समधला यूडेव्ह हा भाग नव्या हिस्स्यात काय आहे ते पाहायला डिस्क उघडतो. चाचणीची पुढची पायरी तेवढ्यात आली तर ‘डिव्हाइस बिझी’ असं उत्तर मिळतं. यावर सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे चाचणीत दोन सेकंदांची झोप घालणं. तो इलाज चुकीचा आहे. वेगवान यंत्रावर वेळ वाया जातो आणि संथ यंत्रावर दोन सेकंद पुरत नाहीत. यूडेव्हचं हातातलं काम संपेपर्यंत थांबणारी आज्ञा उपलब्ध आहे, तीच वापरावी. कारण नसताना नापास होणाऱ्या चाचणीकडे लोक दुर्लक्ष करायला शिकतात, आणि मग खरा बग आला तरी कोणी बघत नाही.

कधीकधी सर्वांत चांगली दुरुस्ती म्हणजे कोड काढून टाकणं. पार्टेड १९९९ च्या सुमारास अँड्र्यू क्लाउसन आणि लेनर्ट बायटेनहेक यांनी सुरू केला. पुढे जिम मेयरिंग आणि ब्रायन लेन यांनी तो सांभाळला. २०११ च्या ३.० आवृत्तीत फाइल सिस्टिम बनवणं, हलवणं, तिचा आकार बदलणं या आज्ञाच वगळल्या. ती कामं करणारी वेगळी, जास्त भरवशाची साधनं तयार झालेली होती. लोक नाराज झाले असतील, पण निर्णय योग्य होता.

आता आपल्या भागाकडे. जीपीटीत प्रत्येक हिस्स्याला नाव देता येतं आणि त्यासाठी ७२ बाइट राखलेले असतात. नाव यूटीएफ-१६ मध्ये (युनिकोड अक्षरं बाइटांत मांडण्याच्या एका पद्धतीत) लिहितात, म्हणजे दोन-दोन बाइटांची ३६ एककं. इंग्रजी अक्षर टाइप करताना १ बाइटाचं असतं, म्हणून इंग्रजी नावांवर चाचणी घेणाऱ्याला बाइट मोजले काय आणि एककं मोजली काय, फरक जाणवत नाही. देवनागरीत तो लगेच उघडा पडतो. ‘बेळगाव’ डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण मात्रा वेगळ्या मोजल्या की एककं होतात सहा, आणि यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीत बाइट होतात अठरा. ‘लग्नाचे फोटो’ यात मधली मोकळी जागा धरून बारा एककं आणि चौतीस बाइट. ३६ ची मर्यादा चुकून बाइटांत मोजणारा प्रोग्रॅम हे नाव जेमतेम घेईल आणि त्याहून जरा लांब नाव मध्येच कापेल. पार्टेडमध्ये युनिकोड नावांसाठी दुरुस्ती झाली आहे आणि तिची स्वतंत्र चाचणीही आहे. पण अशी नावं हाताळणारे प्रोग्रॅम पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या चाचण्या लिहिणाऱ्या फार थोड्यांना जोडाक्षर म्हणजे काय हे माहीत असतं.

उदाहरणादाखल एक चाचणी इथेच देतो. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन एककं. बारा वेळा ‘क्ष’ लिहिलं की नेमकी ३६ होतात. हे नाव जसंच्या तसं परत वाचता आलं पाहिजे. आता त्याच्या आधी एक ‘अ’ जोडा, ३७ होतील. प्रोग्रॅमने नाव ३६ वर कापलं तर शेवटचा ष गळून ‘क्’ तेवढा लोंबकळत राहील. त्यापेक्षा प्रोग्रॅमने नाव नाकारून तसा स्पष्ट संदेश द्यावा, असं माझं मत आहे. दुसरं कोणी कापणंच पसंत करेल, पण चाचणीत दोहोंपैकी एक अपेक्षा लिहिलेली हवी. कन्नडमधल्या ‘क्ष’चीही तीनच एककं होतात. आपल्याकडच्या शाळांत दोन्ही लिप्या शिकलेली मुलं आहेत, त्यांनी दोन्ही लिप्यांतली नावं एकाच चाचणीत घालावीत. चाचणी तपासणाऱ्याला यातली एकही लिपी वाचता येत नसेल हे धरून चालावं. म्हणून वर टिपणीत प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक लिहावा, क साठी ०९१५, ष साठी ०९३७, आणि नावाची लांबी ३७ च का घेतली तेही एका ओळीत सांगावं.