इंग्रजीतील भावनावाचक शब्द

इंग्रजीतील भावनावाचक शब्द : राग, भीती, आनंद, दुःख, लाज, मत्सर अशा मनाच्या अवस्था सांगणारा इंग्रजीतील शब्दसमूह. शब्दकोशात यांतल्या जवळपास प्रत्येकापुढे मराठी प्रतिशब्द मिळतो, पण तो अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करतो. 'अँगर' म्हणजे राग हे खरेच. मात्र तो शब्द कुठून आला, वाक्यात कसा बसतो आणि कोणत्या प्रसंगी तोंडातून निघतो, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ हाती येत नाही.

'इमोशन'च्या आधी

भावनेसाठी आज सर्रास वापरला जाणारा 'इमोशन' हा शब्द तसा नवाच. लॅटिनमधील 'बाहेर हलवणे' या अर्थाच्या क्रियापदापासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, तेव्हा सोळाव्या शतकात त्याचा अर्थ लोकांमधली खळबळ, दंगाधोपा असा होता. ही खळबळ हळूहळू मनातली झाली. तरीही दीर्घकाळ वेगवेगळ्या भावनांना वेगवेगळी नावे होती: आवरून धरायचे विकार ते 'पॅशन', मनाचे सौम्य आणि सात्त्विक कल ते 'अफेक्शन', विचाराची जोड असलेली भावना ती 'सेंटिमेंट'. या साऱ्यांना 'इमोशन' या एकाच नावाखाली आणण्यात एडिनबर्ग विद्यापीठातील तत्त्वज्ञ थॉमस ब्राउन यांच्या, १८२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांचा मोठा वाटा आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये माणसांच्या व प्राण्यांच्या भावाविष्कारांवर ग्रंथ लिहिला आणि १८८४ मध्ये विल्यम जेम्स यांनी 'इमोशन म्हणजे काय' असा थेट प्रश्न लेखाच्या शीर्षकातच विचारला. तोवर हा शब्द शास्त्राचा झाला होता. मराठीतही असे स्थलांतर झाले आहे. जुन्या लेखनात राग-लोभादी भावनांना 'मनोविकार' म्हणत. आज मनोविकार म्हटले की आजार आठवतो आणि त्याचा तज्ज्ञ डॉक्टर असतो.

'पॅशन'चा प्रवास तर पार उलट्या दिशेने झाला. मूळ लॅटिन धातूचा अर्थ सोसणे. 'पेशंट' आणि 'पेशन्स' हे त्याचेच भाऊबंद, आणि येशूच्या अखेरच्या यातनांना आजही 'पॅशन' म्हणतात. नोकरीच्या जाहिरातीत 'पॅशनेट' उमेदवार हवा असतो तेव्हा त्यातले सोसणे पुसले गेलेले असते आणि ध्यास तेवढा उरतो.

शब्दांच्या पोटात

रोजच्या साध्या शब्दांत जुने अर्थ दडलेले आहेत. 'सॅड'चा प्राचीन इंग्रजीतील अर्थ होता पोट भरलेला, तृप्त. तृप्तीतून जडपणा आणि कंटाळा, त्यातून गंभीरपणा आणि शेवटी दुःख. 'सॅटिस्फाय'मधला लॅटिन अंश याच्याच नात्यातला. मराठीत वीट येणे आणि तृप्ती यांचे अंतर जेवढे कमी, तेवढेच हे. 'हॅपी' हा 'हॅप' म्हणजे नशीब, योगायोग यापासून आला. 'हॅपन' आणि 'परहॅप्स' त्याच कुळातले. म्हणजे 'हॅपी' माणूस आधी दैववान होता, आनंदी नंतर झाला. 'फिअर' हे मनातल्या भयाचे नव्हे, तर अचानक कोसळलेल्या संकटाचे नाव होते. 'वरी'चा अर्थ गळा आवळणे. काळजीचा अर्थ त्याला बऱ्याच उशिरा चिकटला.

'अँगर' स्कँडिनेव्हियातल्या प्राचीन नॉर्स भाषेतून आला आणि सुरुवातीला त्रास, दुःख याच अर्थाने वापरला गेला. त्याच्या मुळाशी अरुंदपणाची, आवळले जाण्याची कल्पना आहे. 'अँग्झायटी' आणि 'अँग्विश' हे शब्द त्याच मुळातून लॅटिनच्या वाटेने आले, आणि ऋग्वेदातील 'अंहस्', म्हणजे कोंडी, संकट, हाही याच घराण्यातला मानला जातो. राग, चिंता आणि यातना एकाच कोंडीतून निघाल्या, हे एकदा ध्यानात आले की हे तिन्ही शब्द विसरत नाहीत.

भावना कोणाची

मराठी माणसाला इंग्रजी भावना व्यक्त करताना खरी अडचण शब्दांची येत नाही, कर्त्याची येते. मराठीत भावना आपल्याकडे येते, आपल्याला होते किंवा वाटते: मला राग आला, मला आनंद झाला, मला भीती वाटते. व्याकरणात 'मी' कर्ता नसून भावना जिथे पोहोचते ते ठिकाण असतो. इंग्रजीत मात्र 'आय ॲम अँग्री', 'आय लव्ह', 'आय फिअर'. 'आय' पुढे उभा आणि भावना त्याचे विशेषण किंवा त्याची कृती.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती. 'लाइक' हे क्रियापद एकेकाळी अगदी आपल्या 'आवडणे'सारखे चाले: वस्तू कर्ता, माणूस संप्रदानात, म्हणजे 'मला', 'तिला' अशा रूपात. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये राजा क्लॉडियस 'इट लाइक्स अस वेल' म्हणतो. शब्दशः 'आम्हांला ते चांगले आवडते'. 'मीथिंक्स' म्हणजे 'मला वाटते' हाही त्याच रचनेचा अवशेष. शब्दांच्या शेवटी लागणारे विभक्तिप्रत्यय झिजत गेले, वाक्यातला शब्दक्रम घट्ट झाला आणि पहिल्या जागेवर माणूस बसला. मराठी शाळांत इंग्रजी शिकवताना एवढी गोष्ट सांगितली, तर मुलांना ही भाषा परकी वाटण्याऐवजी दूरची नातलग वाटेल.

याच कर्त्याच्या घोळातून सर्वांत जास्त चुका होतात. 'बोअर्ड' म्हणजे कंटाळलेला, 'बोअरिंग' म्हणजे कंटाळा आणणारा. 'आय ॲम बोअरिंग' म्हणणारा स्वतःच रटाळ असल्याचे सांगत असतो. एक्सायटेड आणि एक्सायटिंग, कन्फ्यूज्ड आणि कन्फ्यूजिंग, इंटरेस्टेड आणि इंटरेस्टिंग या जोड्या अशाच: भावना ज्याला होते तो पहिला, ती जो जागवतो तो दुसरा. 'अफ्रेड'ची खोड निराळी. तो नामाच्या आधी येत नाही. घाबरलेल्या मुलाला 'फ्राइटन्ड चाइल्ड' म्हणावे लागते. शब्दयोगी अव्यये तर पाठच करावी लागतात: माणसावर रागावताना 'अँग्री विथ', गोष्टीवरून रागावताना 'अँग्री अबाउट', भीती, अभिमान आणि शरम या तिन्हींना 'ऑफ'. 'हॅपी विथ यू' म्हणजे तुझ्यावर किंवा तुझ्यासोबत खूश, पण 'हॅपी फॉर यू' म्हणजे तुझे भले झाले म्हणून मला आनंद.

जवळचे, पण वेगळे

'एन्व्ही' आणि 'जेलसी' यांत गल्लत फार होते, खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांकडूनही. दुसऱ्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही, तो हेवा, म्हणजे एन्व्ही. माझे आहे ते दुसरा नेईल ही धास्ती, ती जेलसी; नवराबायकोतला संशय याच सदरात येतो. 'एन्व्ही'च्या लॅटिन मुळात वाईट नजरेने पाहणे आहे. आपल्याकडे दृष्ट काढणाऱ्यांना ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागणार नाही.

'सिम्पथी' ही सहानुभूती. ग्रीकमधून आलेला हा जुना शब्द. 'एम्पथी' मात्र विसाव्या शतकातला: जर्मनमधील 'आइनफ्यूलुंग'साठी कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांनी १९०९ मध्ये तो वापरला. दुसऱ्याच्या अनुभवात शिरून पाहणे, असा त्याचा अर्थ. मराठीत त्यासाठी 'समानुभूती' रुळत आहे.

'सॉरी' मराठीत फक्त माफीचा शब्द आहे. इंग्रजीत कोणी गेल्याचे कळल्यावर 'आय ॲम सो सॉरी' म्हणतात, तेव्हा बोलणारा कसलीही चूक कबूल करत नसतो. 'ऐकून वाईट वाटले' एवढेच त्यात असते. तसेच 'आय ॲम अफ्रेड वी आर क्लोज्ड' असे दुकानदार म्हणतो, त्यात भीती नसून नकाराची अदब आहे. काही शब्दांची धार वापरून बोथट झाली आहे. 'टेरिफिक' भयकारक होता, आता उत्तम आहे. 'भयंकर आवडलं' म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये.

मराठीत आल्यावर

टेन्शन, मूड, बोअर, फीलिंग, सेंटी हे शब्द आता मराठीच झाले आहेत आणि मराठीच्याच रीतीने चालतात: टेन्शन येते, घेतले जाते, दिलेही जाते. मूळ इंग्रजीत 'टेन्शन' बहुधा दोरीतला ताण किंवा दोन पक्षांमधला तणाव. परीक्षेच्या काळजीला तिथे 'स्ट्रेस' किंवा 'वरी' म्हणतील. या बदलांत वावगे काही नाही. 'डिप्रेशन'बाबत मात्र जपले पाहिजे. क्रिकेटचा सामना हरल्यावर 'डिप्रेशन आलं' म्हणतात. वैद्यकात मात्र खिन्नता किंवा कशातच रस न वाटणे, आणि सोबत झोप, भूक, उमेद यांवरचा परिणाम किमान दोन आठवडे टिकल्यावरच या निदानाचा विचार होतो. शब्द असा सैल वापरला गेला की खरोखर आजारी असलेल्याचे बोलणे कोणी मनावर घेत नाही.

सर्वांच्या भावना एकच का?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांमध्ये केलेल्या कामावरून राग, भीती, किळस, आनंद, दुःख आणि आश्चर्य या सहा भावना सर्व मानवांत समान असल्याचे मांडले. ही यादी भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ स्थायिभावांशेजारी ठेवली, तर क्रोध, भय, जुगुप्सा, हास, शोक, विस्मय जवळजवळ जुळतात. रती आणि उत्साह तेवढे बाहेर राहतात. आना व्हिएझबित्स्का या पोलंडमध्ये जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञेने मात्र ठाम आक्षेप घेतला: 'सॅडनेस', 'अँगर' हे इंग्रजी भाषेने पाडलेले कप्पे आहेत, त्यांनाच मानवी मनाचे मूळ कप्पे कसे मानायचे?

मराठीकडे पाहिले की हा आक्षेप पटतो. 'लाज' या एका शब्दात इंग्रजीचे शेम, एम्बॅरसमेंट आणि शायनेस असे तिघे राहतात. उलट 'रुसवा' इंग्रजीत नेता येत नाही. 'सल्क' म्हणावे तर त्यात नुसता दोष आहे, आणि रुसणाऱ्याला ठाऊक असते की कोणीतरी समजूत काढायला येणार आहे.