कोकणची वाळू आणि चिपचा कारखाना

‘मोबाइल-संगणकातली चिप वाळूचीच बनते, कोकणात वाळू भरपूर; परदेशी पैसा आला की झालं!’ असं म्हणणारे भेटतात. निम्मं खरंही आहे, वाळूत सिलिकॉन असतंच. पण चिपसाठी लागतो निवडक क्वार्ट्झ (सिलिकॉन असलेलं खनिज). तो कोळशासोबत विद्युतभट्टीत तापवून सिलिकॉन काढतात, ते ९९.९९९९९९९ टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही शुद्ध करतात, मग त्याचा अखंड स्फटिक वाढवून चकत्या कापतात. चिपचा कारखाना सहसा या तयार चकत्याच विकत घेतो. गुंतवणुकीचा मोठा वाटा जातो यंत्रांवर.

किनाऱ्यावरच्या वाळूतली भेसळ स्वतःच तपासता येते. रत्नागिरीकडच्या काळसर वाळूत लोहचुंबक फिरवा, काळे कण चिकटतील. शिंपल्यांच्या चुऱ्यावर व्हिनेगर टाका, बुडबुडे येतील. गुंतवणुकीची बातमी वाचताना मात्र वेगळंच पाहा: कारखाना चकतीवर चिप घडवणार, की फक्त तयार चिपची जोडणी-चाचणी करणार?