डिश जितकी उंच तितका नेट फास्ट? अजिबात नाही

सॅटेलाइट इंटरनेटचा विषय निघाला की आमच्या कळव्यात कोणीतरी हमखास म्हणतंच, डिश टाकीवर चढवा, उंचावर रेंज जास्त मिळते. अहो, स्टारलिंकसारखे उपग्रह साधारण 550 किलोमीटर वर फिरतात, मग 7 मजल्यांच्या गच्चीवर अजून 10 फुटांचा पाइप लावून अंतर कितीसं कमी होणार!

उंचीचा फायदा एकच, समोरचा अडथळा खाली राहतो. टीव्हीची छत्री विषुववृत्तावरच्या एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहाकडे बघते म्हणून तिला एक फट पुरते, पण हे इंटरनेटचे उपग्रह सारखे पळत असतात, एक गेला की दुसरा, त्यामुळे डिशला आभाळाचा मोठा तुकडा मोकळा लागतो. गच्चीवरच्या टाकीला चिकटून लावली तर टाकीच आडवी येते, आणि नारळाची एक झावळी वाऱ्याने समोर डुलली तरी व्हिडिओ कॉल मध्येच अडकतो, पावसात भिजलेली पानं तर सिग्नल अजूनच खातात.

घोडबंदरला टॉवरच्या मधल्या बाल्कनीत तर विचारच नको. आधी इंटरनेट कंपनीच्या ॲपमधून मोबाईल फिरवून आभाळ स्कॅन करा, मगच भिंतीला ड्रिल लावा, आणि पाइप आखूडच ठेवा, आपल्याकडच्या जुलैच्या वाऱ्यात लांब पाइप हलतो.