एस्क्यूएलचं टेबल, की-व्हॅल्यूचं दार

इंदूरचा सराफा दिवसा दागिन्यांचा, रात्री गराडू आणि भुट्ट्याच्या किसाचा, ओटे तेच. अपाचे इग्नाइट हा अनेक यंत्रांवर डेटा वाटून ठेवणारा डेटाबेस; त्याच्या दुसऱ्या आवृत्तीतलं (२.x) टेबलही असंच दोन गिऱ्हाइकांचं. एस्क्यूएलमध्ये 'क्रिएट टेबल' म्हटलं की आत एक कॅशे तयार होतो: की (किल्ली) आणि व्हॅल्यूच्या (तिच्यामागचा माल) जोड्या, अनेक नोडवर, म्हणजे यंत्रांवर, वाटलेल्या. 'सिलेक्ट'ने ओळ वाचा किंवा 'गेट'ने जोडी उचला, माल एकच. किल्ली माहीत असेल तर 'गेट' बरं, कारण क्वेरीचं पार्सिंग आणि प्लॅनिंग (ती वाचून समजणं आणि आखणं) वाचतं. जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडून वाचणं, हवं असेल तर मात्र एस्क्यूएलच.

समजा, रात्रीच्या दुकानांचं 'दुकान' नावाचं टेबल आहे: क्रमांक (बिगइंट, प्रायमरी की), नाव, पदार्थ. टेबल बनवतानाच 'विथ'मध्ये कॅशेचं नाव आणि व्हॅल्यू टाइप (व्हॅल्यूच्या प्रकाराचं नाव) लिहून टाका. बॅकअप प्रतींची संख्याही सांगा, न सांगितल्यास ती शून्य असते. कॅशेचं नाव दिलं नाही, तर एस्क्यूएल, स्कीमा आणि टेबल अंडरस्कोरने जोडून, सगळं कॅपिटलमध्ये, नाव पडतं. ते स्मॉल अक्षरांत मागितलं की 'नल' मिळतो. 'गेट ऑर क्रिएट' वापरलंत तर त्याहून वाईट: चुकीच्या नावाचा नवा, रिकामा कॅशे निमूट तयार होतो. व्हॅल्यू टाइप दिला नाही तर त्या टाइपच्या नावाला यादृच्छिक शेपटी लागते, मग ते कॅशेच्या क्वेरी एंटिटीतून (टेबलाच्या वर्णनातून) शोधत बसावं लागतं.

सगळ्यात फसवी चूक किल्लीच्या प्रकाराची. बिगइंट म्हणजे जावाचा लाँग. १५०० हा इंटीजर देऊन 'गेट' केलं तर ओळ असूनही 'नल' येतो. गंमत म्हणजे दोन्हींचा हॅश (किल्लीवरून काढलेला आकडा) १५००च, आणि पार्टिशन, म्हणजे कॅशेचे वाटे, वेगळं न सांगितल्यास १०२४ असल्याने दोन्ही ४७६ क्रमांकाच्याच पार्टिशनमध्ये जातात. दुकान बरोबर सापडतं, कुलूप उघडत नाही.

वाचताना कॅशेवर 'विथ कीप बायनरी' लावा, म्हणजे व्हॅल्यू बायनरी रूपातच मिळते. नाहीतर इग्नाइट व्हॅल्यूचा जावा क्लास बनवायला जातो, आणि तो तुमच्याकडे नसला की एरर. व्हॅल्यूत 'क्रमांक' शोधू नका, तो फक्त किल्लीत असतो. किल्ली दोन कॉलमांची असेल तर की टाइपही द्या आणि बायनरी ऑब्जेक्ट बिल्डरने (जावा क्लासशिवाय वस्तू बांधणाऱ्या साधनाने) ती तशीच बांधा.

लिहिताना बिल्डरला व्हॅल्यू टाइपचं नाव अक्षर न् अक्षर तेच हवं. चुकलं तर 'पुट' यशस्वी दिसतो, नोंद कॅशेत बसते, पण टेबलाच्या इंडेक्समध्ये (शोधसूचीत) जात नाही, म्हणून 'सिलेक्ट'ला दिसत नाही. संशय आला तर कॅशेचा 'साइझ' आणि 'सिलेक्ट काउंट' शेजारी ठेवून पाहा. साइझ जास्त आला, तर टाइपच्या नावाकडेच आधी बघा.