कोंबडा नसला तरी तलंग अंडी घालते

‘कोंबडा आणा, त्याशिवाय तलंगा (अजून अंडी न घालणाऱ्या तरुण कोंबड्या) अंड्यावर येणार नाहीत,’ हा सल्ला परसात कोंबड्या पाळणाऱ्यांना हमखास मिळतो. कोंबडा आणल्यावर थोड्याच दिवसांत अंडी सुरू झालेली अनेकांनी पाहिलेली असतात, त्यामुळे तो पटतोही. पण तोवर तलंगांचं वयही वाढलेलं असतं.

अंडं कोंबडीच्या पोटात आपसूक तयार होतं, त्याला साधारण 24 ते 26 तास लागतात. कोंबडा लागतो तो फक्त पिल्लं हवी असतील तर. अंड्यावर येणं ठरतं वय, खाद्य आणि उजेडावर. अंड्यासाठीच्या संकरित जाती 18 ते 22 आठवड्यांत सुरू होतात. गावरान तलंगेला सहा-सात महिने सहज लागतात. हिवाळ्यात दिवस लहान असला की आणखी उशीर.

खात्री घरीच करता येते. तुरा लालभडक झालाय का पाहा. पाठीवर हात ठेवताच तलंग दबून बसली, तर अंडं जवळ आलंय. शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं मावत असतील, तर ती तयार आहे; अंड्याच्या कवचासाठी शिंपल्यांचा चुरा ठेवायला लागा. एकच मावत असेल, तर थांबा. निव्वळ अंड्यांसाठी कोंबडा विकत घेऊ नका, तेच पैसे चांगल्या खाद्याला लावा.